दोन तहनामे, दोन तलवारी

'आंतरराष्ट्रीय संबंध' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? जिनिव्हाचे निळे तळे, न्यूयॉर्कची ती उंच काचेची इमारत, हसतमुखाने हस्तांदोलन करणारे पुढारी आणि त्यांच्यासमोर दाटी करून उभे राहिलेले छायाचित्रकार. युद्धे का होतात, शांतता कशाने टिकते, बलाढ्याने दुबळ्याला दिलेल्या वचनाला किंमत किती, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारे विद्वान ऑस्लोला असतात, लंडनला असतात, फार तर दिल्लीला असतात. सातारा-सांगलीच्या माणसाने ऊस, हळद, कृष्णेचे पाणी आणि एस. टी.चे वेळापत्रक एवढ्यांचा विचार करावा, असाच एकंदर समज.

मी मराठीचा प्राध्यापक. घर साताऱ्याचे, नोकरी सांगलीची. दोन्ही गावांमधला तीन तासांचा रस्ता गेली वीस वर्षे तुडवतो आहे. आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत. युद्ध आणि शांतता या विषयावरची त्यांच्या कपाटातली पुस्तके मी उसनी नेऊ लागलो, तेव्हा त्यांनी हसून विचारले, "अहो, ज्ञानेश्वरी सोडून तुम्ही या तहनाम्यांच्या मागे कुठे लागलात?" मी म्हटले, "तहनामा म्हणजे शेवटी शब्दच ना? आणि शब्दांच्या अर्थावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी जमिनीवरून तरी झाली असतील का?"

ते हसले, पण माझे म्हणणे थट्टेचे नव्हते. कारण ज्या प्रश्नावर आज जगभरचे पंडित ग्रंथ लिहितात, तो प्रश्न आपल्या या दोन गावांत दोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष सोडवून पाहिला गेला. १८१९ या एकाच साली साताऱ्याच्या छत्रपतींनी आणि सांगलीच्या पटवर्धनांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी करार केले. एकाचे राज्य तीस वर्षांच्या आत नकाशावरून पुसले गेले. दुसऱ्याचे १९४८च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. हा फरक कशाने पडला, याचीच ही हकिकत आहे.

मुत्सद्दी आणि वकील

आधी दोन शब्दांची गंमत सांगतो. 'मुत्सद्दी' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला तो कारकुनाचे, हिशेबनिसाचे बोट धरून. मराठी दरबारात त्याला बढती मिळाली आणि राजकारणाचे धागे विणणारा धोरणी माणूस तो मुत्सद्दी, असा अर्थ रूढ झाला. 'वकील' म्हणजे आज आपण काळा कोट डोळ्यांसमोर आणतो. पण पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपल्या धन्याचा प्रतिनिधी, आजच्या भाषेत राजदूत. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, जेथे कामकाज असेल तेथे हे वकील राहत, बातमीपत्रे पाठवीत, जाबसाल करीत.

म्हणजे परराष्ट्रव्यवहार ही आपल्याला कोणी साहेबाने येऊन शिकवलेली विद्या नव्हे. कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे सहा मार्ग सांगून ठेवले होते. शिवकाल पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने जे 'आज्ञापत्र' आहे, त्यात टोपीकर सावकारांविषयी स्पष्ट इशारा आहे: हे वरवर व्यापारी दिसतात, पण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. इशारा देणारे होते. पण १८१८ साली त्याचा उपयोग करण्याची वेळ टळून गेली होती.

साताऱ्याचा तह

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. बाजीराव पेशव्याच्या ताब्यात असलेल्या छत्रपतींना सोडवून त्यांना स्वतंत्र राज्यावर बसवू, असे त्यात वचन होते. थोड्याच दिवसांनी आष्टीची लढाई झाली, बापू गोखले पडले आणि तरुण प्रतापसिंह छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला.

या तहातल्या दोन कलमांकडे नीट पाहावे. पहिल्या कलमात कंपनी म्हणते की हा मुलूख आम्ही राजाला, त्याच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या सार्वभौमत्वाने देत आहोत. पाचव्या कलमात म्हटले आहे की राजाने परक्या सत्तांशी, आणि आपल्या अंमलाखाली नसलेल्या सरदार-जहागीरदारांशी कोणताही व्यवहार ठेवू नये; ही या तहाची मूळ अटच आहे. आता सांगा, ज्याला शेजाऱ्याला पत्र लिहिण्याची मुभा नाही, तो सार्वभौम कसा? आणि जो सार्वभौम नाही, त्याला 'कायमचे सार्वभौमत्व' देण्याचा अर्थ काय?

दोन भावांच्या वाटणीपत्रात असेच घडते. 'विहीर धाकट्याची, पाणी दोघांचे' असे लिहून पंच निघून जातात. पाऊस भरपूर असेल तोवर सारे आलबेल. एखाद्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की वाटणीपत्र बाहेर निघते, आणि मग धाकटा 'विहीर' या शब्दावर बोट ठेवतो, थोरला 'पाणी' या शब्दावर.

साताऱ्याच्या बाबतीत सुरुवातीची वर्षे अशीच पावसाची गेली. कॅप्टन ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याने तीन-चार वर्षे कारभार पाहून १८२२ साली तो राजाच्या हाती दिला. प्रतापसिंहांनी रस्ते केले, शहराला पाणी आणले, शाळा काढली, छापखाना घातला. महाबळेश्वरची हवा साहेब लोकांना मानवली, तेव्हा तेथली जागा त्यांनी वाईकडच्या खंडाळे गावाच्या बदल्यात इंग्रजांना दिली. कंपनीचे लंडनचे संचालक या राजावर इतके खूश झाले, की १८३५ साली त्यांनी त्याच्या उत्तम कारभाराची प्रशंसा करणारे पत्र आणि सोबत एक मानाची तलवार पाठवली.

ती तलवार प्रतापसिंहांच्या हाती कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती अडकवून ठेवली.

सही न करणारा राजा

विहीर तळाला गेली ती जहागिरींच्या प्रश्नावर. साताऱ्याच्या छत्राखाली अक्कलकोट, फलटण, औंध, जत असे जहागीरदार होते. जहागीरदार निपुत्रिक वारला तर ती जहागीर कोणाकडे जावी, दत्तकाला मंजुरी कोणी द्यावी, यावर राजा आणि मुंबई सरकार यांचे जमेना. राजा तहाची अक्षरे पुढे करी, तर सरकार आपल्या सोयीचा अर्थ पुढे करी. कारभाऱ्यांना हा अक्षरे वाचणारा राजा जड जाऊ लागला.

मग १८३६ साली आरोप निघाले. राजाने कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी पत्रव्यवहार ठेवला, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे ते आरोप होते. म्हणजेच पाचव्या कलमाचा भंग. चौकशीला तिघांची समिती नेमली गेली. चौकशी गुप्त राहिली. आरोप आणि पुरावा यांच्या नकला मागून व उलटतपासणीची संधी मागून राजा थकला, पण उघड सुनावणी काही त्याला मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याने एक तोड काढली होती. राजाने एका कागदावर सही करावी, की माझ्याकडून तहाचा भंग झाला, पुढे होणार नाही. एवढे केले की मागचे सारे माफ, गादी शाबूत.

वाचकहो, व्यवहारचतुर माणसाने येथे काय केले असते? सही केली असती. एका ओळीत राज्य वाचत होते. प्रतापसिंहांनी सही केली नाही. जो गुन्हा मी केला नाही तो कबूल करून मिळालेले राज्य मला नको, अशी त्यांची भूमिका राहिली. ५ सप्टेंबर १८३९च्या सुमारास त्यांना रातोरात राजवाड्यातून हलवून जवळच्या लिंब गावी नेण्यात आले आणि तेथून पुढे थेट काशीस. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. प्रतापसिंह १८४७ साली काशीतच वारले.

यापुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. शहाजींनी इंग्रजांशी भांडण काढले नाही. एप्रिल १८४८ मध्ये ते वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने स्वच्छ लिहिले की तहात 'वारस व उत्तराधिकारी' असे शब्द आहेत, हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा वारस आहे, तेव्हा राज्य खालसा करता येत नाही. पण क्लार्क गेला, त्याच्या जागी फॉकलंड आला आणि कलकत्त्याच्या लॉर्ड डलहौसीने उलट निर्णय दिला. त्याच्या काळात वारस नाही म्हणून खालसा झालेले पहिले मोठे संस्थान ते साताऱ्याचे. भांडणाऱ्या राजाला गादी सोडावी लागली, आणि न भांडणाऱ्या भावाच्या मागे तर गादीच उरली नाही.

सांगलीची रीत

आता कृष्णेच्या काठाने खाली उतरू. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन सांगलीस राहिले. गणेशदुर्ग आणि गणपतीचे मंदिर ही त्यांचीच कामगिरी. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्याला त्यांचे नाव सांगावयास नकोच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते यांच्याच आश्रयाने.

पटवर्धनांना कागदाची सवय आधीपासून होती. पेशवा आणि दक्षिणेतले हे जहागीरदार यांचे पटेना, तेव्हा १८१२ साली एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने पंढरपूर येथे दोघांमध्ये अटी ठरल्या होत्या. जहागीरदारांनी पेशव्याची चाकरी करावी आणि पेशव्याने त्यांच्या जुन्या सरंजामाला हात लावू नये, असा त्यांचा सारांश.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज म्हणाले, आता ती चाकरी आमची करा, घोडेस्वार आमच्या दिमतीला पाठवा. चिंतामणरावांना हे रुचणारे नव्हते. पण त्यांनी शब्दांचा वाद घातला नाही. वर्षाकाठी १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख त्यांनी कंपनीला तोडून दिला आणि चाकरीचे कलमच करारातून काढून टाकवले. जे वचन आपल्याला मनापासून पाळता येणार नाही, त्याची किंमत आधीच रोख मोजून मोकळे झाले. ज्या कलमाचा अर्थ लावण्यावरून उद्या भांडण झाले असते ते कलमच उरले नाही.

१८४६ साली कंपनीने चिंतामणरावांनाही मानाची तलवार दिली. ती मात्र सांगलीस पोचली. ते १८५१ साली वारले.

यावरून 'सांगली शहाणी, सातारा हट्टी' असा निकाल कोणी घाईने देऊ नये. चिंतामणरावांना उतारवयात पुत्र झाला होता. ते वारले तेव्हा धुंडिराज बारा-तेरा वर्षांचा होता. तासगावच्या पटवर्धनांना वारस नव्हता, तर त्यांची जहागीर १८४८ सालीच खालसा झाली. शिवाय शिवछत्रपतींच्या गादीभोवती जे वलय होते, त्याचे इंग्रजाला जेवढे भय, तेवढे एका सरदार घराण्याचे असण्याचे कारण नव्हते. तात्पर्य, करार टिकला तो अक्षरांमुळे थोडा, आणि पाळण्यात दोघांचीही सोय होती म्हणून अधिक.

लंडनमधला मराठी वकील

साताऱ्याच्या या प्रकरणातला सर्वांत विलक्षण माणूस राजा नव्हे, गव्हर्नर तर नव्हेच. तो म्हणजे कारी गावचा रंगो बापूजी गुप्ते. धन्याची बाजू मांडण्यासाठी हा मराठी वकील लंडनला गेला आणि १८४० पासून १८५३च्या अखेरीपर्यंत तेथे राहिला. चौदा वर्षे! आपल्याकडे मुलगा दोन वर्षांसाठी परदेशी निघाला तर आई लोणच्याच्या बरण्या बांधताना डोळे पुसते. येथे पोटाशी भाषा नाही, अंगाला हवा मानवत नाही, घरून येणारा पैसा आटत चाललेला, आणि समोर साऱ्या हिंदुस्थानावर राज्य करणारी कंपनी.

रंगो बापूजी इंग्रजी शिकले. त्यांनी पत्रके छापली, अर्ज केले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न उपस्थित करवला. गुलामगिरीविरुद्ध बोलून गाजलेला जॉर्ज टॉमसन साताऱ्याच्या बाजूने उभा राहिला. जोसेफ ह्यूमने पार्लमेंटात आवाज उठवला. ब्रिग्ज आणि रॉबर्टसन हे साताऱ्याचे माजी रेसिडेंट राजाच्या बाजूने बोलले. सर्वांत आश्चर्य लॉडविकचे! १८३६च्या त्या गुप्त चौकशी समितीत हा स्वतः बसला होता. इंग्लंडात परतल्यावर त्याने उघडपणे राजाची बाजू घेतली.

आपण सुटीत महाबळेश्वरला जातो, तेव्हा ही सारी मंडळी आपल्याला भेटतातच. एल्फिन्स्टन पॉइंट, कारनॅक पॉइंट, फॉकलंड पॉइंट, लॉडविक पॉइंट! मुले मक्याची कणसे खात असतात, आपण छायाचित्रे काढीत असतो, आणि साताऱ्याच्या तहाचा सबंध खटला नावानिशी आपल्याभोवती उभा असतो. रंगो बापूजींच्या नावाचे टोक मात्र त्या दरीवर मी पाहिलेले नाही.

मतदान झाले की निकाल ठरलेला असे. कंपनीच्या निर्णयाविरुद्धची दाद कंपनीकडेच मागायची होती. राजा वारला, राज्य खालसा झाले, तरी रंगो बापूजी राण्यांच्या आणि दत्तकाच्या हक्कासाठी भांडत राहिले. अखेर १८५३च्या डिसेंबरात ते रिकाम्या हाताने परत निघाले. पुढे १८५७ साली साताऱ्यात उठावाची सिद्धता झाली तिच्या मुळाशी तेच होते. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

पंडित काय म्हणतात?

साताऱ्याच्या तहानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९१९ साली, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन निघाले. पहिल्या महायुद्धाने माणसे हादरली होती आणि युद्ध टाळण्याचे शास्त्र निर्माण करावे अशी ओढ लागली होती. आपल्याकडे दिल्लीत १९५५ साली या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली. पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. नॉर्वेत ऑस्लोला १९५९ साली योहान गाल्टुंग यांनी शांतता-संशोधनाची संस्था काढली.

या सगळ्या विद्येचा साताऱ्याशी संबंध कसा, ते पाहा. सर विल्यम ली-वॉर्नर हा मुंबई इलाख्यात चाकरी केलेला साहेब. त्याने संस्थानांवर जे ग्रंथ लिहिले त्यांत असा सिद्धांत मांडला की एका संस्थानाचा तह सुटा वाचू नये. सर्व तह आणि पडलेले प्रघात एकत्र ठेवून अर्थ लावावा. कानाला हे किती समंजस वाटते! पण प्रघात पाडणारा कोण? सरकारच. म्हणजे तुमच्या कराराचा अर्थ शेजारच्या घरात मी काय केले त्यावरून ठरणार, असाच याचा मतलब झाला.

याच्या उलट चार्ल्स अलेक्झांड्रोविझ या विद्वानाने दाखवले. हा गृहस्थ १९५१ पासून मद्रास विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवीत होता. १९६७च्या ग्रंथात त्याने म्हटले की सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातल्या कंपन्या पूर्वेकडच्या राजांशी बरोबरीच्या नात्याने, राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्याला धरून करार करीत होत्या. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी हा कायदा फक्त युरोपाचाच आहे असे ठरवले आणि पूर्वेची राज्ये कायद्याच्या घराबाहेर काढली. आधी दुबळ्याला कायद्याबाहेर काढावयाचे आणि मग 'त्याच्याशी केलेला करार हा करारच नव्हता' म्हणावयाचे!

आपल्याकडे मेजर बामनदास बसू यांनी १९२२ साली आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९४८ साली या प्रकरणावर तळमळीने पुस्तके लिहिली. अलीकडे अमेरिकेतल्या मायकेल फिशर यांनी हिंदुस्थानातून लंडनला गेलेल्या वकिलांचा इतिहास धुंडाळला. आणि १९६९ साली व्हिएन्नात तहांविषयीचा जो जागतिक करार झाला, त्याने ठरवले की करार प्रामाणिकपणे पाळावा आणि शब्दांचा अर्थ त्यांच्या सरळ, नेहमीच्या अर्थाने, संदर्भ व हेतू पाहून लावावा. प्रतापसिंह आणि क्लार्क यांचे तरी दुसरे काय म्हणणे होते?

शांतता कशाला म्हणावे?

पदवीच्या वर्गात ऐतिहासिक पत्रवाङ्मय शिकवताना एकदा मी रंगो बापूजींचा उल्लेख केला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, चौदा वर्षे भांडून हाती काहीच आले नाही. मग त्यांनी केले त्याचा उपयोग काय?"

प्रश्न रोखठोक होता, आणि त्याला भावनेचे उत्तर देऊन चालणार नव्हते. मी तिला जे सांगितले ते येथेही सांगतो.

गाल्टुंग यांनी शांततेचे दोन प्रकार मानले आहेत. लढाई चालू नाही, एवढ्यापुरती असते ती अभावाची शांतता. आणि अन्यायाची मुळे उपटली गेली आहेत, माणसाला दाद मागण्याची वाट मोकळी आहे, ती भरीव शांतता. ५ सप्टेंबर १८३९ रोजी साताऱ्यात एक गोळी सुटली नाही. कंपनीच्या दप्तरात 'सर्व शांत' असेच लिहिले गेले असेल. पण ती शांतता पहिल्या जातीची होती. अठरा वर्षांनी गेंडामाळावर तिचे खरे रूप उघडे पडले. ज्याने चौदा वर्षे अर्ज लिहिले त्याच हाताने पुढे उठावाची सिद्धता केली. अर्जाची वाट बंद झाली की माणूस कोणत्या वाटेला लागतो, याचे याहून बोलके उदाहरण शांतता-संशोधकाला शोधूनही सापडणार नाही.

आणि उपयोगाचे म्हणाल, तर रंगो बापूजींनी एक मोठे काम केले. बलाढ्य पक्षाला त्यांनी आपली कारणे कागदावर लिहावयास लावली. पार्लमेंटाने साताऱ्याच्या प्रकरणाचे कागद छापले, सभांचे वृत्तान्त छापले गेले, लॉडविकसारख्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. हे सारे झाले नसते तर 'राजा फितूर निघाला, काढून टाकला' एवढीच ओळ मागे उरली असती. आज जगातला कोणताही अभ्यासक ते कागद उघडून आपला निकाल स्वतः देऊ शकतो.

मुलगी बसली. तिचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. तसे ते होऊही नये. ज्याचा मुलगा गेंडामाळावर गेला, त्याला 'तुमची नोंद राहिली' हे सांगणे सोपे नाही.

पंच कोण?

मग या दोन तहनाम्यांवरून आपण शिकावयाचे काय? मला वाटते ते एवढेच: करारात काय लिहिले आहे याच्या आधी हे विचारावे, की उद्या वाद झाला तर अर्थ लावणार कोण? तो अधिकार एकाच पक्षाच्या हाती असेल, तर कागदावर 'कायमचे सार्वभौमत्व' असे लिहा की आणखी काही लिहा, तो करार नव्हे. ते हुकमाला चढवलेले मखमली आवरण आहे. चिंतामणरावांनी हे ओळखून भांडणाचे कलम आधीच काढले. प्रतापसिंहांनी आणि रंगो बापूजींनी पंच शोधत अर्धे जग ओलांडले आणि पंचाच्या खुर्चीवर त्यांना प्रतिवादीच बसलेला आढळला.

आजही सांगलीकराला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्याचा मुलूख भिजवून सांगलीवरून कर्नाटकात आलमट्टीच्या धरणाकडे जाते. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना विचारा: धरणाच्या उंचीतला ५१९.६० मीटर आणि ५२४.२५६ मीटर हा फरक म्हणजे त्यांच्या दृष्टीने केवळ अंकगणित नव्हे. या नदीच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ साली बच्छावत लवाद आणि २००४ साली ब्रिजेशकुमार लवाद नेमला गेला. त्यांच्या निवाड्यांनी सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकणारा तिसरा कोणी समोर बसला आहे, हाच १८३९ आणि आज यांतला मोठा फरक. रंगो बापूजींना चौदा वर्षांत जे मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले आहे. त्याची किंमत आपण कमी लेखू नये.

जाता जाता एक विनंती. साताऱ्याच्या या प्रकरणातले इंग्रजी कागद छापले गेले, म्हणून जगभरचे अभ्यासक ते वाचतात. आपल्या बाजूचा किती तरी मजकूर मात्र मोडी लिपीत आहे. साताऱ्याचा पारसनीसांचा मोठा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि वाचला. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमागून रुमाल बांधलेले आहेत. पण मोडी सहज वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होत चालली आहेत. कराराचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे असू नये असे म्हणावयाचे, आणि आपल्या पक्षाचे कागद आपल्यालाच वाचता येऊ नयेत, हे कसे शोभावे?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरते. तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदांची एखादी सुरळी निघते. एकसारखी वळणे घेत गेलेली ती ओळ कोणालाच लागत नाही, आणि मुले विचारतात, "आजोबा, हे काय लिहिले आहे? टाकून देऊ का?"

टाकू नका. रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका. मोडी वाचणारा कोणी असेल त्याला दाखवा. आणि घरात कोणी उत्साही तरुण असेल, तर त्याला ती लिपी शिकावयास सांगा. जुळवून बसले तर थोड्या महिन्यांत ती येऊ लागते. कदाचित ती विहिरीच्या पाण्याची वाटणी असेल. कदाचित आणखी काही असेल.